न पाहिलेला आकडा

५ जानेवारी

ताई,

घरातून आणि दवाखान्यातून, दोन्हीकडून नमस्कार.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ते कबूल करायचं नसतं, म्हणून पत्रच बरं. मागच्या वेळी मी विचारलं, गुडघा कसा आहे, तर तुम्ही म्हणालात, हो, मिळाला.

दवाखान्यात मला आता तीन महिने झाले. हे गेल्यावर डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या, तुम्ही तेव्हा इथेच होतात. खुर्ची रिकामी आहे, काकू, तुम्ही या, म्हणाल्या. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. त्यावर त्या म्हणाल्या, काका सांगायचे की औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा तुम्ही पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचता. ते खरंच आहे. घरात वाचायला दुसरं काही नसायचं तेव्हा मी त्या चिठ्ठ्यांवरच वाचायला शिकले. तीस वर्षं कंपाउंडरची बायको असल्याचा तेवढा फायदा.

आता नवीन काम निघालं आहे. लहान दवाखान्यांसाठी दर्जा आणि सुरक्षिततेची मानकं आली आहेत. एकशे बारा पानांची पुस्तिका. डॉक्टरीणबाईंना वेळ नाही, आणि त्यांचे वडील, म्हणजे आपले मोठे डॉक्टर, म्हणतात की मी चाळीस वर्षं पुस्तिकेशिवाय दवाखाना चालवला, आता डोळे मिटेपर्यंत तसाच राहीन. म्हणून ती माझ्याकडे आली. मी सगळी वाचली. काही पानं दोनदा वाचली.

ताई, आपण किती गोष्टी चुकीच्या करतो. वापरलेल्या सुयांचा डबा पाऊण भरला की बंद करायचा असतो. मी तो तोंडापर्यंत भरून वरून ठोकायचे, चहाची पूड डब्यात बसवतात तशी. पेशंटला ‘तुम्ही अमुकच ना’ असं विचारायचं नसतं, नाव त्याच्याकडूनच वदवून घ्यायचं. कारण अमुकच ना म्हटलं की ऐकू न येणारा माणूस हो म्हणून मोकळा होतो. इथे मला कोणाची आठवण आली ते लिहीत नाही.

४ मार्चला तपासणीला दोघं येणार आहेत. पास झालो तर मुलांच्या लसी आपल्याकडे चालू राहतील. नाही झालो तर आयांना पोर कडेवर घेऊन दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जावं लागेल. काही जणी जाणारच नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लसीच्या फ्रिजची मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं मला तपासायची आहेत. जवळजवळ सगळी ह्यांच्या अक्षरात आहेत. काल चार पानं उलटली आणि मिटून ठेवलं. रोज थोडी थोडी बघणार आहे. इतकं अक्षर एकदम नको.

तुमची,
वहिनी

१३ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. गुडघा आहे तिथेच आहे आणि मला सगळं व्यवस्थित ऐकू येतं, लोकच हल्ली तोंडात बोलतात.

तू मानकं वाचतेस हे वाचून बरं वाटलं. मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची बारा हेडसिस्टर म्हणून, पण एकशे बारा पानं सलग वाचणारी नर्स मला एकही भेटली नाही. मीसुद्धा त्यातलीच. तपासणीला येतात ते पहिल्यांदा हात धुवायची जागा बघतात. साबण ओला हवा. कोरडा साबण म्हणजे तो तपासणीसाठी ठेवलेला. मग इमर्जन्सीच्या ट्रेमधली औषधं उचलून तारीख बघतात. मग तुझ्यासारख्या नवीन बाईला गाठून विचारतात, अंगावर रक्त उडालं तर काय कराल. पाठ करून सांगू नकोस, नळापाशी जाऊन दाखव.

रजिस्टरांचं म्हणशील तर दोन वर्षं मागे जायची गरज नाही. कोणी इतकं उकरत नाही. मागचे तीन महिने तुझे स्वतःचे आहेत, ते नीट ठेव म्हणजे झालं. जुन्या वह्यांना सुतळी बांध आणि वरच्या फळीवर टाक. धूळ तुझ्या छातीला चांगली नाही.

जेवतेस का वेळेवर? एकटीसाठी काय करायचं, असं म्हणून चहावर भागवू नकोस. मी हे पस्तीस वर्षं करत आले आहे, म्हणून सांगते.

ताई

२२ जानेवारी

ताई,

तुम्ही सांगितलंत तरी मी वह्या उघडल्या. पुस्तिकेत दोन वर्षं लिहिलं आहे, मग दोन वर्षं.

तुम्हाला माहीत आहे, फ्रिजचं तापमान सकाळी आणि संध्याकाळी बघून लिहायचं असतं. दोनच्या वर आणि आठच्या खाली हवं. ह्यांच्या वहीत कुठे चार, कुठे पाच, उन्हाळ्यात सहा, एकदा पावणेआठ आणि पुढे लिहिलेलं, ‘दार नीट लागले नव्हते, लावले.’ वाचताना मला हे दार लावताना दिसले. दोन्ही हातांनी दाबून बघणार, मग एक थाप. घरातलं कपाटही तसंच लावायचे.

मागच्या एप्रिलच्या मध्यापासून मात्र सगळे पाच आहेत. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. एप्रिल, मे, जून आणि जुलै, आजारपणामुळे ते काम सोडेपर्यंत. एकही चार नाही, एकही सहा नाही. फ्रिज असा वागत नाही, ताई. मी तीन महिने त्याच्या तोंडाकडे बघते आहे.

मेमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर जळला होता तो रविवार तुम्हाला मी कळवला होता. शनिवारी दुपारी वीज गेली ती सोमवारी पहाटे आली. सगळी गल्ली पायऱ्यांवर बसून होती. दवाखाना बंद, डॉक्टरीणबाई परगावी, मोठे डॉक्टर मुलाकडे. हे मात्र दोन्ही दिवस दोन्ही वेळा किल्ली घेऊन जाऊन आले. रविवारी संध्याकाळी आले तेव्हा सदरा पुढून ओलाचिंब होता. मी विचारलं, तर म्हणाले, मासळीवाल्याकडून बर्फ आणून फ्रिजमध्ये भरला, काळजी नको. त्या रविवारीही वहीत पाच आणि पाच आहे.

सोमवारपासून पुढे सहा आठवडे त्याच लसी वापरल्या गेल्या. मी दुसरं रजिस्टर काढून मोजलं. अडतीस मुलं आहेत.

ह्यांनी बर्फ भरला होता, म्हणजे लसी थंडच राहिल्या असतील ना? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. डॉक्टरीणबाईंना अजून बोलले नाही. पुस्तिकेत एक ओळ आहे: न पाहिलेला आकडा लिहू नये. तिच्यापाशी मी बराच वेळ थांबले.

तुमची,
वहिनी

२९ जानेवारी

वहिनी,

ती वही मिटून ठेव.

थर्मामीटर अडकलेला असेल. जुने काटे अडकतात, मी शंभर पाहिले आहेत. आठ महिने झाले, अडतीसच्या अडतीस पोरं रस्त्यावर खेळत असतील. माझ्या भावाने तीस वर्षं त्या दवाखान्याची सेवा केली. दुखतं म्हणून एक दिवस घरी बसला नाही. तो आता उत्तर द्यायला इथे नाही, आणि तू त्याची वही घेऊन त्याच्यावर बोट दाखवायला निघालीस. दुसरं कोणी असतं तर मी समजले असते.

बर्फाचं विचारलंस म्हणून सांगते, कारण औषधाच्या बाबतीत खोटं बोलायची मला सवय नाही. काही लसी उष्णतेने मरतात आणि काही गारठ्याने. बर्फ थेट बाटलीला टेकला तर ती गोठते, आणि गोठलेली लस नंतर दिसायला चांगलीच दिसते. म्हणून बर्फ भरला होता हे कोणाला सांगू नकोस. त्याने काही सिद्ध होत नाही.

परत लिहिशील तेव्हा तुझ्या तब्येतीचं लिही.

ताई

१६ फेब्रुवारी

ताई,

तब्येत ठीक आहे. लिहायला उशीर झाला, कारण तुमचं ऐकता येतं का ते बघत होते.

वही सुतळीने बांधून वरच्या फळीवर ठेवली. बारा दिवस ठेवली. तेराव्या दिवशी त्या अडतीसातली एक मुलगी आली, वय दीड वर्ष, अंगात ताप आणि गळ्यावर पुरळ. तिची आई म्हणाली, गोवराची सुई झालीये हिची, तुमच्याच काकांनी शिक्का मारलाय कार्डावर, म्हणजे गोवर नसेल ना काकू? मी म्हटलं, डॉक्टरीणबाई बघतील. त्या मुलीच्या कागदावर मी तारीख दोनदा चुकीची लिहिली. त्या आत असताना मी बाहेर उभीच राहिले. घामोळं निघालं. ताप सर्दीचा होता.

ती बाई हसत गेली आणि मी फळीवरून वही काढली.

थर्मामीटर अडकलेला नाही. तोच अजून फ्रिजमध्ये आहे, माझ्या वहीत तो तीनपासून सातपर्यंत फिरला आहे. शंभर पाहिलेल्या बाईला हे मी लिहावं याचं मला वाईट वाटतं.

मी पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे. त्याची परवानगी मी तुमच्याकडे मागत नाही. तपासणी पुढे जाईल किंवा फसेल, माझी खुर्चीही जाईल कदाचित. ते सगळं मला कळतं आहे.

जे कळत नाही ते विचारते, कारण तुमच्याशिवाय मी कोणाला विचारू. हा माणूस माझ्याबरोबर एकतीस वर्षं राहिला. दुधात पाणी आहे का ते बघायला बोट बुडवायचा. कोणी चुकून सुटे पैसे जास्त दिले तर भर उन्हात परत करायला जायचा. तोच माणूस साडेतीन महिने रोज खोटं लिहीत होता आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवत होता. मुलांचं काय करायचं ते मला समजलं. ह्यांचं काय करायचं ते सांगा.

वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र हातोहात पाठवते आहे. शेजारचा पोस्टमास्तर उद्या तुमच्याकडे येतोय. तू डॉक्टरीणबाईंशी बोलली नसलीस तर हे वाचून बोल. बोलली असलीस तर हे वाचून परत बोल.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला दिसत नव्हतं.

मागच्या एप्रिलमध्ये तो माझ्याकडे चार दिवस आला होता, माझ्या घराचं गळणारं छप्पर बघायला. छप्पर गळत नव्हतं. साखरेने त्याच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यात रक्त उतरलं होतं. मी त्याला माझ्या जुन्या इस्पितळात नेलं. तिथले डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, एक डोळा गेल्यात जमा आहे आणि दुसऱ्यात बरोबर मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं दिसेल, समोर बघेल तिथे मात्र काही नाही. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन थोडं थांबवता येईल म्हणाले. तीस वर्षं दुसऱ्यांना सुया टोचत आलेला माणूस, घाबरून खुर्चीवरून उठला.

औषधं वाटायचं काम मी त्याला त्याच दिवशी सोडायला लावलं. कंबर दुखते सांगून त्याने ते सोडलंही, तुला आठवत असेल. लसीची सुई तर तुमच्या डॉक्टरीणबाईच देतात. फ्रिज मात्र त्याने सोडला नाही. मी विचारलं, थर्मामीटर कोण वाचणार, तर म्हणाला, ताई, तीस वर्षं त्या फ्रिजमध्ये हात घालतोय, पाच अंश माझ्या तळहाताला कळतो. सगळंच काढून घेतलंस तर सकाळी उठून जाऊ कुठे?

वॉर्डातल्या एखाद्या पोरीने मला असं सांगितलं असतं तर मी तिला पूर्ण पाळी बाहेर उभी केली असती. त्याला मी काही बोलले नाही. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता, त्याची वेणी सोडून बाकी सगळं मी केलं आहे. तुला सांगू नकोस म्हणाला, कारण तू त्याला दवाखान्यात जाऊ दिलं नसतंस. मी शब्द दिला. तो गेल्यावरही पाळला, आणि तुला खरं कळू नये म्हणून थर्मामीटर अडकलाय असं लिहिलं. औषधाच्या बाबतीत खोटं बोलत नाही, हे मी त्याच पत्रात लिहिलं होतं.

अडतीस मुलांचं जे झालं त्यात अर्धा वाटा माझा आहे. तसं डॉक्टरीणबाईंना सांग. माझा पत्ता दे.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी वाचलं. मग दोन दिवस ते पालथं घालून ठेवलं. मला तुमचा राग आला होता. अजून थोडा आहे, तो असू द्या, त्याने आपल्यात काही कमी होणार नाही.

माझं डोकं एका जागेवरच फिरत होतं. मागच्या उन्हाळ्यात हे मला रोज संध्याकाळी पेपर वाचायला लावायचे. मोठ्याने वाच, म्हणायचे, तुझं वाचन आता माझ्यापेक्षा सुधारलंय, ऐकायला बरं वाटतं. मी किती फुशारले होते. शेजारणीला सांगितलं होतं, आमच्याकडे आता मी वाचते आणि हे ऐकतात. लहान टाइपातल्या जाहिरातीसुद्धा सोडायचे नाही मी.

आणि दुसरं, ते बोलताना माझ्याकडे बघायचे नाहीत. माझ्या कानाकडे बघायचे, कधी खांद्यावरून पलीकडे. मला वाटायचं, आजारपणाने माणूस तुटत चाललाय, मन आपल्यात उरलं नाही. ते गेल्यापासून मी हेच घेऊन बसले होते, तुम्हालाही बोलले नव्हते. तुम्ही लिहिलंत, कडेकडेचं दिसत होतं. ती ओळ मी चार वेळा वाचली. मग आरशासमोर उभं राहून करून बघितलं. कानाकडे बघितलं की तोंड कडेला येतं. म्हणजे ते मला बघत होते, ताई.

त्यानंतर मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. वही, लसीचं रजिस्टर आणि तुमचं पत्र तिन्ही टेबलावर ठेवलं. त्यांनी सगळं वाचलं. मग वर जाऊन वडिलांना घेऊन आल्या. मोठे डॉक्टर घरातल्या चपला घालून खाली आले, माझ्यासमोर पेशंटच्या स्टुलावर बसले. म्हणाले, तो रोज सकाळी माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा. मी बाहेरून आलेल्या सगळ्यांचे डोळे टॉर्च मारून बघायचो. त्याची साखर मला माहीत होती. तुम्ही कुठलीच गोष्ट स्वतःकडे घेऊ नका.

डॉक्टरीणबाई व्यवहाराचं बोलल्या. लस परत दिल्याने मुलांना अपाय नाही, न दिल्याने मात्र होऊ शकतो. अडतीसही जणांना बोलवायचं, तपासणीच्या आधी सुरू करायचं, आणि तपासणीला येणाऱ्यांना आपणहून सगळं सांगायचं. मी म्हटलं, त्यांना कळलंच नसतं. त्या म्हणाल्या, मानकं तुम्ही वाचलीत ना काकू, मी नाही वाचली. त्यात लपवा असं लिहिलंय का?

घरोघरी जाऊन सांगायचं काम मी मागून घेतलं.

तुमची,
वहिनी

२ मार्च

वहिनी,

राग ठेव, मला तो पत्रातून ऐकू येतो, म्हणजे चांगलाच असणार.

सांगायला जाशील तेव्हा दारात उभी राहून सांगू नकोस, आत बसून सांग. ‘बहुतेक’ आणि ‘तसं काही नाही’ हे दोन शब्द तोंडात येऊ देऊ नकोस, आया त्यांनीच घाबरतात. काय झालं, काय माहीत नाही, आता काय करणार, एवढंच. कोणी ओरडली तर ओरडू दे. तिचं पोर आहे.

माझ्या भावाचं काय सांगायचं ते तू ठरव. मी त्याच्यावर पांघरूण घातलं ते पुरे झालं.

आरशाचं लिहिलंस ते वाचून मी रडले. याबद्दल परत कधी बोलायचं नाही.

ताई

१९ मार्च

ताई,

तपासणी होऊन गेली. एक बाई आणि एक गृहस्थ होते. बाईंनी साबणाला बोट लावून बघितलं, तेव्हा मला हसू आवरेना. रक्त उडालं तर काय कराल, हेही विचारलं. मी नळापाशी गेले.

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे झालेल्या प्रकाराचा कागद ठेवला. तो मी लिहिला आहे, त्यांनी फक्त दोन शब्द बदलले. अशा कागदात माणसाचं नाव घालायचं नसतं, पुस्तिकेत तसं आहे. काय चुकलं तेवढं लिहायचं, कोण चुकलं ते नाही. म्हणून मी लिहिलं, ‘नोंद ठेवणाऱ्याला आकडा दिसत नव्हता, आणि ते सांगितलं तर काम जाईल असं त्याला वाटत होतं. तसं वाटू नये अशी व्यवस्था दवाखान्यात नव्हती.’ बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, हे कोणी लिहिलं. मी म्हटलं, त्याच्या बायकोने. मग त्यांनी पाणी मागितलं.

प्रमाणपत्र आत्ता नाही. तीन महिन्यांनी परत येणार आहेत. फ्रिजला आपोआप नोंद करणारं यंत्र बसवायचं आणि जो कोणी दवाखान्यात काही वाचतो त्याचे डोळे वर्षातून एकदा तपासायचे, या अटीवर लसी तोवर चालू राहतील. माझे कालच तपासले. चष्मा लागला.

घरोघरीचं सांगायचं तर अडतीसातली तीन मुलं दुसरीकडे राहायला गेली, त्यांना तिकडे कळवलं. एका बापाने मला पायरीवरून खाली उतरवलं आणि तुमच्या नवऱ्याला आधीच हाकलायला हवं होतं म्हणाला. मी ऐकून घेतलं. त्याची बायको दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आली. बाकीच्याही एकेक करून येत राहिल्या.

एक राहिली होती. दवाखान्यात तिला सगळे पहिला नंबर आजी म्हणतात, कारण दार उघडायच्या आधी ती बाकावर असते. रक्तदाब मोजून घेते आणि मग घरी जाऊन वाढवते. तिच्या नातवाचं नाव यादीत होतं. मी तीन वेळा सांगून आले, तिन्ही वेळा बरं म्हणाली आणि आली नाही. आज नातवाला घेऊन आली ती भांडायलाच.

“कशाला सारखी घराच्या पायऱ्या झिजवतेस? बाळाचं सगळं झालंय. तुझ्याच माणसाने शिक्का मारलाय.”

मी म्हटलं, “आजी, ती लस खराब झालेली असू शकते.”

“त्याच्या हातची? जिभेला काही हाड आहे का तुझ्या? सगळं जग सांगेल, तू कशी सांगतेस? बायको ना तू त्याची? आमच्या घरातल्या चार पोरांच्या वेळी तो होता. तो असताना काही वाया जायचं नाही.”

ताई, ओरडणारा बाप परवडला. ही बाई ह्यांच्यावरच्या विश्वासापायी नातवाला परत घेऊन निघाली होती, आणि मला तिचा तो विश्वास माझ्या हाताने काढून घ्यायचा होता. कागदात नाव घातलं नाही तरी इथे घालावंच लागलं.

तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. सांगितलं की त्यांना दिसत नव्हतं. थर्मामीटरसमोर उभे राहायचे, पण आकडा दिसायचा नाही. हात घालून बघायचे आणि पाच लिहायचे. वीज गेली त्या दोन दिवसांत काय झालं ते कोणालाच माहीत नाही, कारण जे बघायचं ते त्यांनी बघितलं नाही, आणि न बघता लिहिलं. एवढं एका दमात बोलले. ह्यांच्याबद्दल असं चारचौघांत मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलत होते, बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

बाळ आजीच्या पदराशी खेळत होतं, ते तिने खेळू दिलं. मग म्हणाली, “मला का नाही म्हणाला?”

मी म्हटलं, “कोणालाच नाही म्हणाले, आजी.”

“मी रोज पावणेआठला इथेच बसलेली असायचे, या बाकावर. फ्रिज तो तिथे, चार पावलांवर. माझे डोळे चांगले आहेत. आकडे येतात मला. हाक मारली असती तर रोज उठून वाचून दिला असता. काय लागत होतं त्याला?”

तिने उत्तराची वाट बघितली नाही. बाळाची बाही वर केली आणि त्याला माझ्या मांडीवर दिलं.

तुमची,
वहिनी